जुनी पेट्रोल गाडी आणि पुढचे इंधन : गॅस, वीज की उसाची वाट?

प्रश्न : रातराणी (कासारवडवली, ठाणे)

सर्वांना नमस्कार. मी कासारवडवलीला राहते आणि माझे कार्यालय महापे येथे आहे. घोडबंदर रस्ता, माजिवडा, कळवा आणि मग ठाणे-बेलापूर रस्ता असा माझा रोजचा प्रवास असून जाऊन-येऊन तो सुमारे ५० किलोमीटर भरतो. शनिवार-रविवारची फिरती धरली तर महिन्याला गाडी १३०० किलोमीटर चालते. गाडी २०१७ सालची, बीएस-४ प्रमाणकाची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. इंजिनाची कसलीही तक्रार नाही. परंतु पूर्वी लिटरला १५ किलोमीटर जाणारी ही गाडी गेल्या वर्षभरात साडेतेराच्या पुढे सरकत नाही. ओळखीच्या मेकॅनिकने एका वाक्यात निकाल दिला, "मॅडम, हे सगळं ई-वीसचं आहे." म्हणजे वीस टक्के इथेनॉल (ऊस, मका यांपासूनचे अल्कोहोल) मिसळलेल्या पेट्रोलचे.

तेव्हापासून घरात चार माणसांची चार मते झाली आहेत. सासरे म्हणतात, आहे त्याच गाडीला सीएनजी किट बसवून घे. नवऱ्याच्या मते पेट्रोल गाडी काढून टाकून सरळ विजेवरची घ्यावी. सांगलीचा माझा मामेभाऊ सांगतो की दोन वर्षे कळ काढ, उसावर चालणाऱ्या गाड्या येतच आहेत. आणि माझे स्वतःचे मत असे की चालते आहे तोवर आहे ती गाडी चालू द्यावी, पण इंधनाच्या खर्चाचा आकडा पाहिला की ते मतही डळमळते.

माझे प्रश्न असे आहेत. ई-२० पेट्रोलमुळे २०१७ च्या गाडीचे खरोखर नुकसान होते का आणि होत असल्यास ते कसे टाळावे? नऊ वर्षांच्या गाडीला सीएनजी किट बसवणे शहाणपणाचे आहे का? विजेवरची गाडी घ्यायची झाल्यास ठाण्यासारख्या ठिकाणी, जिथे इमारतीतली पार्किंगची जागा हाच अर्धा वाद असतो, तिथे ती कितपत सोयीची ठरते? आम्ही वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्याला, संगमेश्वरजवळ गावी जातो आणि ते अंतर एका बाजूने सुमारे ३०० किलोमीटर आहे, हेही लक्षात घ्यावे. ऐकीव माहितीपेक्षा ज्यांनी स्वतः वापरून पाहिले आहे त्यांच्याकडून उत्तरे मिळाली तर अधिक आवडेल.


उत्तर : जुनाफिटर (रबाळे)

रातराणीताई, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात बरीच वर्षे काढली असून द्रावणे आणि रबर यांची भांडणे सोडवण्यातच माझी अर्धी नोकरी गेली. त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नापुरतेच बोलतो.

प्रथम मायलेजचा हिशोब करू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे इथेनॉल हे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ताकदीचे. आपली गाडी पूर्वी शुद्ध पेट्रोलवर चालत होती असेही नाही, कारण जून २०२२ मध्येच देशभरात सरासरी दहा टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला होता. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जाताना लिटरमागची ऊर्जा केवळ साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. त्या हिशोबाने आपले १५ किलोमीटर साडेचौदावर यायला हवे होते. आपण साडेतेरा सांगता. मधला एक किलोमीटर कोणी खाल्ला, याचे उत्तर पेट्रोलच्या टाकीत नसून बहुधा एअर फिल्टर, स्पार्क प्लग, टायरमधली हवा आणि मुख्यतः घोडबंदर रस्त्यावरची मेट्रोची कामे व खड्डे यांत आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला कोणतेही इंधन पाजले तरी ती खादाडच होते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच मान्य केले होते की शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांचे मायलेज ई-२० मुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. म्हणजे घट होते हे खरेच. पण सगळा दोष तिच्यावर टाकून मोकळे होणारा मेकॅनिक बाकीचे काही तपासत नाही, एवढेच मी म्हणेन.

आता नुकसानीकडे वळू. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांत ई-२० ला टिकणारे रबर, प्लास्टिक आणि धातू वापरलेले आहेत. आपली गाडी त्याआधीची आहे. इथेनॉल काही जातींच्या रबराला फुगवते, नंतर ते कडक होऊन चिरा पडतात; शिवाय इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. तो थर पंपाने ओढला की गाडी धक्के देते आणि आतून गंज धरतो. परंतु आपली टाकी आठ-दहा दिवसांत रिकामी होते, त्यामुळे इंधनाला पाणी धरून बसायला सवडच मिळत नाही. हा धोका खरा कोणाला, तर महिनोन्महिने इमारतीखाली झाकून ठेवलेल्या गाड्यांना. अशी गाडी पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.

आपण काय करावे? इंधनाच्या नळ्या, त्यांची गॅस्केटे आणि फिल्टर तपासून घ्यावेत, आणि नळी दाबल्यावर कडक किंवा चिकट लागली तर बदलून टाकावी. इथेनॉल टाकीतील जुना मळ सोडवते, त्यामुळे फिल्टर एकदा अपेक्षेपेक्षा लवकर तुंबू शकतो. तो बदलला की पुढे त्रास होत नाही. गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला तर मात्र एक दिवसही थांबू नये. बाजारात 'इथेनॉलचा परिणाम नाहीसा करणाऱ्या' बाटल्या मिळतात. कमी झालेली ऊर्जा कोणतीही बाटली परत आणून देत नाही, त्यामुळे ते पैसे नळ्यांवर खर्च करावेत.


उत्तर : कळवेकर (कळवा)

मी सहा वर्षांपासून सीएनजीवर गाडी चालवतो. गाडी कंपनीतूनच किट बसवून आलेली नव्हती, बाहेरून सिक्वेन्शियल (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस सोडणारे) किट बसवून घेतले. त्यामुळे आपल्या सासऱ्यांच्या बाजूने आणि थोडे विरुद्धही लिहितो.

पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि सीएनजी किलोला ८० रुपये असे ढोबळ भाव धरू. तेराशे किलोमीटरसाठी, फिल्टर-टायर नीट करून घेतल्यावर आपल्या गाडीने लिटरला १४ दिले असे मानले तरी, महिन्याला सुमारे ९६५० रुपयांचे पेट्रोल लागते. हीच गाडी सीएनजीवर किलोला २० किलोमीटर देईल, म्हणजे ६५ किलो गॅस आणि ५२०० रुपये. महिन्याला साधारण साडेचार हजारांची बचत झाली. किट, सिलिंडर, बसवणावळ आणि आरटीओची नोंद मिळून आज जो भाव सांगतात तो आकडा सत्तर हजारांच्या घरात आहे. तो पंधरा-सोळा महिन्यांत वसूल होतो. कागदावर हे गणित देखणे आहे.

कागदाबाहेरचे गणित असे, की ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला ८ ते ९ किलो गॅस बसतो, पण पंपावर दाब कमी असला की साडेसातवरच मीटर थांबते. याचा अर्थ महिन्यातून आठ-नऊ वेळा रांग लावणे. संध्याकाळी रिक्षा आणि टॅक्सी एकदम येतात तेव्हा अर्धा-पाऊण तास सहज जातो. मी पहाटे साडेपाचला भरतो. त्या वेळी दाबही चांगला असतो आणि पुढे दोनच गाड्या असतात. आपल्याला ती वेळ जमणार असेल तरच या वाटेला जावे. डिकी जवळजवळ गेली असे समजावे, आणि गणपतीला गावी जाताना मखर कुठे ठेवायचे हा प्रश्न दर वर्षी नव्याने पडतो. चढणीला ताकद थोडी कमी पडते, तिथे मी पेट्रोलवर टाकतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य वायुवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तिन्ही ठिकाणी पंप कोरडे पडले होते. माझी गाडी पेट्रोलवरही चालते म्हणून मी कामावर गेलो, पण सगळी शहरे एकाच नळावर अवलंबून असणे म्हणजे काय, हे त्या दोन दिवसांत रिक्षांच्या रांगा पाहून कळले.

किट बसवायचेच असेल तर आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलेच किट घ्यावे, आरसी पुस्तकात इंधनाची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि दावा करण्याची वेळ आली की आठवण होते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) करावी लागते. त्याची तारीख असलेली पाटी जागेवर आहे की नाही हे भरणारा मुलगा पाहतो आणि मुदत संपली असेल तर गॅस देत नाही, ते योग्यच आहे.

माझे प्रांजळ मत : गाडी चार-पाच वर्षे जुनी असती तर मी डोळे मिटून हो म्हटले असते. नऊ वर्षांच्या गाडीवर सत्तर हजार घालण्याआधी ती आणखी किमान तीन वर्षे आपल्याकडेच राहणार आहे, हे घरात ठरवून घ्या.


उत्तर : पाचवामजला (खारघर)

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे आणि गेली तीन वर्षे माझ्याकडे विजेवरची गाडी आहे. या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असल्यामुळे मला दोन्ही बाजूंच्या शिव्या खाण्याचा अनुभव आहे.

वरच्या दोन्ही उत्तरांत एक प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून मी विचारतो. रात्री तुमची गाडी कुठे उभी असते? स्टिल्टमध्ये (इमारतीखाली खांबांमधल्या जागेत), उघड्यावर, पोडियमवर, की एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या यांत्रिक स्टॅक पार्किंगमध्ये? गाडीच्या किमतीपासून बॅटरीच्या आकारापर्यंतचे सगळे निर्णय या उत्तरानंतर येतात.

जागा जमिनीवर आणि हक्काची असेल तर हिशोब सोपा आहे. शहरात माझी गाडी एका युनिटमध्ये सुमारे ७ किलोमीटर जाते. तुमच्या रोजच्या ५० किलोमीटरला सात-आठ युनिटे लागतील, आणि १५ अँपियरच्या साध्या सॉकेटवर ती अडीच-तीन तासांत भरतात. वेगवान चार्जरची रोज काहीही गरज नाही. महिन्याच्या १३०० किलोमीटरला १८५ युनिटे झाली. इथे एक खाच आहे. ही युनिटे घरच्या मीटरवरून घेतली तर महावितरणच्या टप्प्यांमुळे तुमचा वापर ३०० च्या वर जाईल आणि वरची युनिटे महाग पडतील. विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळा दरगट आहे आणि त्यासाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. मी तशी घेतली आहे आणि सर्व आकार धरून युनिटला १२ रुपये मोजले तरी महिन्याचा खर्च सव्वादोन हजारांच्या आत राहतो. याउलट घरी सोय नसेल आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या वेगवान चार्जरवर २२ रुपयांच्या आसपास दर द्यावा लागला तर तोच खर्च चार हजारांवर जातो, म्हणजे सीएनजीच्या जवळ. शिवाय तिथेही रांग आहेच, फक्त ती वातानुकूलित गाडीत बसून लावायची.

सोसायटीचे म्हणाल तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या अस्तित्वात असलेल्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्यास स्पष्ट मुभा दिलेली आहे. तरीही समितीला विश्वासात न घेता केबल ओढू नका. आमच्याकडे पहिल्या सभासदाने तसे केले आणि पुढची दोन वर्षे प्रत्येक सर्वसाधारण सभेत पाणीगळतीच्या आधी त्या केबलचाच विषय निघत असे. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा आराखडा, केबलचा मार्ग आणि मीटर रूमपासूनचे अंतर द्यावे; समितीला भीती विजेची नसते, जबाबदारी कोणाची याची असते. यांत्रिक पार्किंग असेल तर मात्र, सचिव म्हणून सांगतो, वर-खाली होणाऱ्या पाळण्यावर लोंबकळती केबल मी मंजूर करणार नाही.

मला फोर्टला जावे लागते आणि अटल सेतूवर मोटारीला एका बाजूचा २५० रुपये टोल होता. ऑगस्ट २०२५ पासून विजेवरच्या मोटारींना तो माफ झाला, त्यामुळे माझे गणित फारच बदलले. तुमच्या ठाणे-महापे मार्गावर त्या सवलतीचा काही उपयोग नाही, म्हणून माझी बचत पाहून भुलू नका.

गावच्या प्रवासाबद्दल : वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेल्या दिवसांची गाडी निवडू नये, असे माझे मत आहे. मी गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर विजेवर गेलो आहे. अंतराचा प्रश्न आला नाही. माझ्या आधी तीन गाड्या चार्जरला लागलेल्या होत्या, तो प्रश्न आला. त्या चार दिवसांना रेल्वेचे आरक्षण किंवा भाड्याची गाडी हा कमीपणा नाही.


रातराणी

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. जुनाफिटर काकांच्या सांगण्यावरून काल गाडी दाखवली. एअर फिल्टर काळाठिक्कर निघाला, दोन टायरांत हवा फारच कमी होती, आणि इंधनाची एक नळी टाकीजवळ कडक झालेली आढळली. तिन्हींचा बंदोबस्त केला आहे.

पाचवामजला यांचा प्रश्न मात्र वर्मी लागला. आमची जागा दोन मजली स्टॅक पार्किंगमध्ये वरची आहे. घरी एवढे वाद झाले, पण गाडी रात्री जमिनीपासून सहा फूट वर असते, हे कोणाच्या तोंडून आले नाही. महापेच्या कार्यालयात चार चार्जिंगचे पॉइंट आहेत. मी सव्वानऊला पोहोचते तेव्हा चारही भरलेले असतात. आता मामेभावाचे म्हणणे तेवढे उरले. उसावरच्या गाडीची वाट पाहण्यात काही अर्थ आहे का?


उत्तर : तलावपाळी (नौपाडा, ठाणे)

मी ज्येष्ठ नागरिक आहे, त्यामुळे पर्यायी इंधन हा शब्द ऐकला की मला वडील आठवतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडून तिच्या गॅसवर गाड्या चालवत. चढण आली की प्रवासी उतरून चालत आणि ड्रायव्हर भट्टी ढवळत बसे, असे ते सांगत. तो गॅस कोणाला आवडत होता म्हणून नव्हे, पेट्रोल मिळत नव्हते म्हणून लोकांनी सोसला. युद्ध संपले आणि भट्ट्या भंगारात गेल्या. सांगायचे कारण इतकेच, की नवे इंधन टिकते ते पुरवठा आणि भाव या दोन पायांवर, आणि मामेभावाच्या म्हणण्याला तीच कसोटी लावावी.

या बाबतीत ब्राझील आपल्यापेक्षा फार पुढे गेलेला देश आहे. तेलाच्या भावाचा तडाखा बसल्यावर त्यांनी १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आणल्या. पुढे साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि ऐंशीचे दशक संपता संपता पंपांवर अल्कोहोल मिळेनासे झाले. ज्यांनी त्या गाड्या घेतल्या होत्या ते अडकले. लोकांचा विश्वास परत यायला २००३ साल उजाडावे लागले, जेव्हा दोन्ही इंधने कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या. तिथला वाहनचालक आजही पंपावर एक साधा नियम वापरतो : इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तरच इथेनॉल भरायचे. जुनाफिटर यांनी वर दिलेला दोन तृतीयांशाचा हिशोब हाच आहे.

हा नियम आपल्याकडे लावून पाहा. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा सरकारने ठरवलेला खरेदी दर लिटरला ६५.६१ रुपये होता आणि मक्यापासूनच्या इथेनॉलचा ७१.८६ रुपये. पेट्रोलच्या एका लिटरइतकी ऊर्जा हवी तर दीड लिटर इथेनॉल लागते, म्हणजे कर आणि वाहतूक धरण्यापूर्वीच ते शंभराच्या आसपास जाते. ई-२० आले तरी पंपावरचा भाव का उतरला नाही, असे जे विचारतात त्यांना याहून वेगळे उत्तर नाही. परकीय चलन वाचते, ऊस उत्पादकाचे पैसे वेळेवर मिळण्याची शक्यता वाढते, हे लाभ खरे आहेत आणि सांगलीकराला ते जवळून दिसतात. पण ते देशाच्या आणि शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात. ताईंच्या पेट्रोलच्या बिलात नाही.

शिवाय हे इंधन पावसावर अवलंबून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडण्याची चिन्हे दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली आणि ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. ब्राझीलने जे ऐंशीच्या दशकात पाहिले त्याची छोटी झलक आपण पाहिली. इनोव्हा हायक्रॉसचे फ्लेक्स-फ्युएल प्रारूप ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरी यांच्या हस्ते सादर झाले, मार्च २०२४ मध्ये काही निवडक पंपांवर 'इथेनॉल १००' हे जवळजवळ निव्वळ इथेनॉलचे इंधनही आले. तशी गाडी उद्या आपल्या आवाक्यातल्या किमतीत मिळाली तर जरूर घ्यावी, कारण ती पेट्रोलवरही चालेल. पण तिच्यासाठी आजचा निर्णय अडवून ठेवू नये.

हायड्रोजनबद्दल कोणी विचारलेले नाही, तरी कोणीतरी काढेलच म्हणून एका परिच्छेदात आटोपतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिटे वीज लागते आणि त्यावर मोटार शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर पाचवामजला यांची गाडी साडेतीनशे किलोमीटर जाईल. लांब पल्ल्याचे ट्रक, खत कारखाने, पोलाद यांच्यासाठी हायड्रोजन असू द्यावा. घोडबंदरच्या हॅचबॅकसाठी तो नाही.


उत्तर : कळवेकर

तलावपाळी काकांच्या उत्तरात एक भर घालतो, कारण गॅस म्हणजे जमिनीतलाच, असा समज असतो. शेण, मळी आणि भाजीपाल्याचा कचरा कुजवून शुद्ध केलेला बायोगॅस हाही मिथेनच असतो आणि सीएनजीच्या गाडीत काहीही न बदलता चालतो. शहरी गॅस कंपन्यांनी तो मिसळणे बंधनकारक असून २०२५-२६ साठी एक टक्का आणि टप्प्याटप्प्याने २०२८-२९ पर्यंत पाच टक्के असे प्रमाण ठरले आहे. खाडीच्या एका काठाला नवी मुंबईतील तुर्भ्याच्या बाजारात रोज पडणारा भाजीचा ढीग आणि समोरच्या काठाला ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'निसर्गऋण' हे कचऱ्यापासून बायोगॅस करण्याचे तंत्र, दोन्ही एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की मला दर वेळी त्या रस्त्याने जाताना चुटपुट लागते.

प्रदूषणाचा विषय निघालाच नाही, म्हणून ढोबळ आकडे देतो. पेट्रोलच्या एका लिटरमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि गॅसच्या एका किलोमधून सुमारे २.७५ किलो. वरच्याच मायलेजने ताईंची गाडी पेट्रोलवर किलोमीटरला साधारण १६५ ग्रॅम आणि गॅसवर १३७ ग्रॅम सोडेल. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम धरले तर विजेवरची गाडी १०० ग्रॅमवर येते. म्हणजे कोळशाची वीज धरूनही ती पुढे आहे, हे गॅसवाला असून मला मान्य करावे लागते.


रातराणी

दहा दिवसांनी परत लिहीत आहे. नळी, फिल्टर आणि टायर यांच्यानंतर गाडी १४.२ देते आहे, त्यामुळे मेकॅनिक बदलला. किट न बसवण्याचे ठरले. सासरे दोन दिवस गप्प होते, पण पहाटे साडेपाचला पंपावर कोण जाणार, हा प्रश्न त्यांनाच विचारल्यावर विषय मिटला. मामेभावाला ब्राझीलची गोष्ट पाठवली आहे, त्याचे उत्तर आलेले नाही.

दरम्यान एक अनपेक्षित गोष्ट घडली. आमच्याच विंगमधील एका काकांनी गाडी चालवणे सोडले असून त्यांची स्टिल्टमधील जमिनीवरची जागा रिकामी असते. मुलगा परदेशातून सुटीवर येतो तेव्हा त्याच्या भाड्याच्या गाडीला आमची वरची जागा चालेल, असे ते म्हणाले. अदलाबदलीचे पत्र दोघांच्या सह्यांनी समितीला दिले असून पुढच्या रविवारी बैठक आहे. मंजुरी मिळाली तर दिवाळीच्या सुमारास जुनी गाडी विकून विजेवरची घेऊ, आणि गणपतीला या वर्षी रेल्वेने जाऊ. मीटर रूमपासून त्या जागेपर्यंत केबलचा मार्ग मोजला, तो ४० मीटर भरला. एका ठेकेदाराने अडीच चौरस मिलिमीटरची केबल पुरेल असे सांगितले आणि दुसऱ्याने सहाची सांगितली. भावात बराच फरक आहे. कोणाचे ऐकावे?


उत्तर : जुनाफिटर (रबाळे)

दुसऱ्याचे. घरात १५ अँपियरचा गिझर दहा-पंधरा मिनिटे चालतो, गाडी सलग तीन तास आणि कधी आठ तास तोच प्रवाह ओढत राहते. चाळीस मीटरवर अडीचची केबल कोमट होईल आणि टोकाला दाब आठ-दहा व्होल्टने पडेल. तांब्याची चार चौरस मिलिमीटरची चालून जाते, पण उद्या मोठा चार्जर लावायचा झाल्यास पुन्हा खोदकाम नको, म्हणून सहाची घ्या. सोबत स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) आणि नीट तपासलेले अर्थिंग हवेच. सॉकेट औद्योगिक दर्जाचे घ्यावे आणि ते जमिनीपासून निदान चार फुटांवर बसवावे. घोडबंदरच्या बाजूला स्टिल्टमध्ये पावसाचे पाणी कुठवर चढते ते तुमच्या वॉचमनला विचारा, त्याला आमच्यापेक्षा नेमके ठाऊक असेल.